मामाचा पट सुटला तेव्हा

माझ्या नातवंडांनो, तुमच्यातल्या थोरल्याचं पत्र गेल्या महिन्यात रंगूनहून आलं. त्याला कॉलेज सोडून वर्ष झालं. कॉलेजात चार वर्षं तो धावण्याच्या शर्यतीत पहिला येत होता. आता तो एका कचेरीत आहे आणि तिथे कोणालाही त्याचे पाय ठाऊक नाहीत. त्यानं लिहिलं आहे, "आजी, मी अजून पाचला उठतो. पाय तयार असतात, पण जायचं कुठे ते कळत नाही. कोणी विचारलं की तू कोण, तर सांगायला आता एकच शब्द उरला आहे, कारकून."

मी लगेच उत्तर लिहायला बसले. इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या, वाचून पाहिल्या आणि पान पालथं घातलं. तो उपदेश झाला होता, आणि उपदेशानं कोणाचे पाय शांत झालेले मी पाहिलेले नाहीत. म्हणून मी तुम्हाला माझ्या मामाची गोष्ट सांगते. तुमच्यातल्या धाकट्यांना इंग्रजी सोपं जातं हे मला माहीत आहे. पण मामाला इंग्रजीत बोलताना मला ऐकूच येत नाही, म्हणून मराठीत.

क्रमानं सांगते. तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आम्ही अमरावतीला राहत होतो. वडिलांची काळी जमीन गावापासून दोन कोसांवर होती आणि दारात बारा गाड्या होत्या. कापसाचे ते सोन्याचे दिवस. पुढे लग्न झाल्यावर मी इंग्रजी शिकले तेव्हा मला पुस्तकात सापडलं, की समुद्रापलीकडे कुठेतरी मोठी लढाई पेटली होती, म्हणून आमच्या कापसाला असा भाव आला होता. तेव्हा आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. आम्हाला एवढंच दिसे की ज्याच्या पायात जोडा नव्हता त्याच्या बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणं आली.

मामा आईचा धाकटा भाऊ. त्याचं गाव अमरावतीपासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर होतं. त्याला सगळा मुलूख 'पटवाला' म्हणायचा. मी लहानपणी समजत होते की तेच त्याचं नाव. शंकरपट तुमच्यापैकी कोणी पाहिला नसेल. संक्रांतीपासून शिवरात्रीपर्यंत गावोगावच्या माळावर बैलांच्या शर्यती होतात. हलकीशी छकडी असते, दोन चाकं आणि वर जवळजवळ काहीच नाही. तिला पळणारी जोडी जुंपायची आणि हाकणाऱ्यानं जुवाजवळच्या दांडीवर उकिडवं बसायचं. दोन जोड्या शेजारी शेजारी सुटतात. मोजून वीस श्वास घ्यावेत तेवढ्यात सगळं संपतं.

मामाच्या हातात बैलांना टोचायची पुराणी नसायची. डाव्या पायाचा अंगठा तो बैलाच्या शेपटीच्या मुळाशी टेकवायचा आणि तोंडानं एक आवाज काढायचा, जीभ टाळूला लावून, पाखरांचा थवा उठावा तसा. मी पुष्कळदा काढून पाहिला तरी मला तो आवाज जमला नाही. त्याची जोडी गावच्या पाटलाची होती, पांढरी, गवळाऊ जातीची. पण लोक 'पाटलाची जोडी' म्हणत नसत, 'पटवाल्याची जोडी' म्हणत. कोणत्याही गावात तो शिरला की माणसं आधी बैलांकडे बघायची, मग त्याच्याकडे, आणि मग एकमेकांकडे.

छकडीवर वजन जितकं कमी तितकं बरं, म्हणून मामा एकच भाकरी खायचा. वर्षाचे बाराही महिने, एक भाकरी आणि ताक. आमच्याकडे आला की आई दुसरी भाकरी घेऊन उभी राहायची आणि तो ताटावर हात आडवा धरायचा.

"वजन वाढते, बाई," तो आईला म्हणायचा. आई थोरली, म्हणून तो तिला बाई म्हणत असे.

आता मामाच्या हातून पट कसा सुटला ते. पाटलानं त्या वर्षी छकडीच्या चाकांवर, लोखंडी पट्टीच्या वरून, चांदीचा पत्रा बसवून घेतला. असं पुष्कळांनी केलं होतं, पण ते मिरवायच्या गाड्यांना. पटाच्या छकडीला कोणी केलं नव्हतं. मामानं चाक उचलून फिरवलं, कान लावला आणि म्हणाला, "पाटील, हे वाजून राह्यलं."

"वाजू दे ना. लोक पाहतीन."

मामा हसला. हे त्यानंच मला पुढे सांगितलं. "मी हसलो वं. मले बी वाटलंच होतं का लोकायनं पाहावं. सोनाराले दोष देऊन काय करू?"

अर्ध्या वाटेवर पत्र्याचं टोक सुटलं, आऱ्यांत अडकलं आणि छकडी उलटली. बैल थांबले नाहीत. मोडकी दांडी ओढत ते निशाणापर्यंत गेले आणि पहिले आले. आमच्याकडचे गाडीवान पुढे कितीतरी दिवस म्हणायचे, "बैलायनं पट जितला, पटवाले मांगं राह्यले." मामाही त्यांच्याबरोबर हसायचा. हाड बसवणाऱ्यानं मामाचा मोडलेला उजवा गुडघा बसवला, पण तो सरळच बसवला. तो पुन्हा वाकला नाही, आणि उकिडवं बसता येत नाही त्याला पट हाकता येत नाही. पाटलानं जोडी दुसऱ्याच्या हाती दिली. आईनं भावाला आमच्याकडे आणलं.

पावसाळा त्यानं आमच्या ओट्यावर काढला. सरळ पाय पुढे ठेवून बसायचा. येणारा जाणारा थांबायचा.

"काय पटवाले, यंदा कोन्त्या पटाले?"

"पाहू," मामा म्हणायचा.

त्याला 'पाहू' म्हणताना ऐकलं की मला बरं वाटायचं. मला वाटायचं, पाहणार आहे म्हणजे जाणार आहे. नऊ वर्षांच्या मुलीला गुडघा कळत नाही.

जेवायला बसला की तोच आडवा हात. एक भाकरी आणि ताक. एके दिवशी आई वैतागली. बाहेर चिखल, चुलीत ओलं लाकूड, आणि हा ताटावर हात धरून बसलेला.

"वजन वाढते, बाई."

"वाढू दे! कोन्ती छकडी वाट पाहून राह्यली तुही?"

मामानं हात काढला नाही. आईही भाकरी घेऊन तशीच उभी राहिली. मग तिनं ती भाकरी माझ्या ताटात टाकली. मला भूक नव्हती, पण मी ती मुकाट्यानं खाल्ली. आई पुढे म्हातारी होईपर्यंत त्या एका वाक्याबद्दल स्वतःला बोलत असे.

दिवाळी झाली, वेचणी सुरू झाली. भाव उतरायला लागले होते, पण कापूस जायचा थांबला नव्हता. तोपर्यंत आगगाडी अकोल्याला येऊन पोचली होती. तिच्या पुढे आमच्याकडे अजून नुसता मातीचा बांध घालणं चाललं होतं. म्हणून अमरावतीचा कापूस बैलगाडीनं अकोल्याला न्यायचा आणि तिथे आगगाडीत चढवायचा, अशी रीत झाली. चार दिवसांची वाट. वडिलांच्या बारा गाड्या निघायच्या होत्या आणि एक गाडीवान तापानं पडला. आईनं वडिलांकडे शब्द टाकला.

"बसून हाकता येते त्याले. पाय सरळ असला तं काय झालं?"

वडील कमी बोलत. ते हो म्हणाले. अकोल्याला आत्याचं घर होतं, म्हणून आई आणि मीही निघालो. मी हट्ट करून मामाच्या गाडीत, कापसाच्या गठ्ठ्यांवर चढले. आमची गाडी सहावी होती.

गाड्यांच्या रांगेचा कायदा पहिल्याच सकाळी मला सगळ्यांत पुढच्या गाडीच्या म्हाताऱ्यानं सांगितला. त्याला सगळे आबाजी म्हणत. तीस वर्षं तो पुढची गाडी हाकत होता. त्याच्या बैलांच्या गळ्यातल्या घंटा ज्या चालीनं वाजतील त्या चालीनं मागच्या अकरा गाड्यांनी चालायचं. कोणी पुढे जायचं नाही, कोणी रांग सोडायची नाही. बैल एकमेकांच्या भरवशावर चालतात. एक बाहेर पडला की बाकीचेही बाहेर ओढ घ्यायला लागतात.

"अन् कोणी रांग मोडली तं?" मी विचारलं.

"तं त्यानं पुढल्या मुक्कामापर्यंत सगळ्यायच्या मांगच्या गाडीच्या मांगं पायी चालायचं. धूळ खात."

पहिला दिवस चांगला गेला. मामा सरळ पाय गाडीच्या बाजूला बाहेर सोडून बसायचा. दुसऱ्या दिवशी वाट रुंद झाली, दोन्ही बाजूंना वेचलेली शेतं. मागून एक दमणी आली, हलकी, दोन बैलांची, आत लग्नाहून परतणारे दोघे जण. आमच्या बाजूला येऊन त्यांनी चाल कमी केली.

"अरे, हे तं पटवाले! काय हो पटवाले, ढिगावर बसले काय?"

"बसलो," मामा म्हणाला.

"हे बैल पळत नसतीन."

मामानं कासरा दुसऱ्या हातात घेतला.

"राहू दे बे," दुसरा म्हणाला, आणि तो हळू बोलला ते जास्त वाईट झालं. "झालं त्याचं आता."

त्यानं बैलांना हाक दिली आणि दमणी पुढे सुटली.

मी मामाच्या पाठीमागे होते, म्हणून मला त्याचं तोंड दिसलं नाही. मला त्याची पाठ दिसली. ती पुढे वाकली. मग तो आवाज आला, जीभ टाळूला लावून काढलेला. ते नांगराचे साधे बैल, त्यांनी जन्मात तसं काही ऐकलं नव्हतं. पण ते उडाले. गाडी रांगेतून बाहेर पडली आणि भरल्या कापसासकट धावायला लागली. वारा माझ्या कानांत शिरला. पाचवी गाडी मागे गेली, चौथी गेली. मी दोन्ही हातांनी दोर धरला होता आणि ओरडत होते.

"मामा, अजून! अजून!"

हे मी आजवर कोणाला लिहून दिलेलं नाही. मी घाबरून ओरडले असं आई सगळ्यांना सांगायची, आणि मी तिला सांगू दिलं.

पुढच्या गाडीशी पोचायच्या आत मामानंच बैल आवरले. पण मागच्या दोन गाड्या आमच्या मागोमाग बाहेर पडल्या होत्या. त्यांतल्या एकीचं चाक वाटेकडेच्या घळीत गेलं, कणा मोडला आणि गठ्ठे बाभळीत फाटले. काटेरी झाडावर कापूस लोंबत होता. बैलाचा खांदा सोलला होता. गाडीवानाला लागलं नव्हतं, पण तो खाली बसून होता आणि मामाकडे बघत नव्हता.

वडील मागून चालत आले. त्यांनी बैलाच्या खांद्याला हात लावून पाहिला. मामाकडे पाहिलं. मग ते फाटलेले गठ्ठे मोजायला लागले. मामा पुढे म्हणायचा की भाऊजींनी दोन शिव्या दिल्या असत्या तर त्याला जेवण गोड लागलं असतं.

बोलला तो आबाजी. "मालक, पट असन तं पटात जाऊ द्या याले. रांगेत नोको."

गाडीवान माना हलवत होते. संध्याकाळी मुक्कामाला वडील आईशी बोलले ते मी ऐकलं.

"तुह्या भावाले मी जन्मभर पोसीन. पण गाडी देणार नाही."

मी अंथरुणात पडून डोळ्यांपुढे आमचा ओटा आणला आणि त्यावर मामा बसवला, सरळ पाय पुढे ठेवून, पुढच्या पावसाळ्यात आणि त्याच्या पुढच्याही. आणि पहिल्यांदाच मला 'पाहू' या शब्दाचा अर्थ कळला. 'अजून' मी म्हटलं होतं. गाडी त्याची गेली.

मोडलेली गाडी दुरुस्त करण्यात त्या दिवशीची राहिलेली वाट तशीच राहिली होती, म्हणून मामाची शिक्षा दुसऱ्या सकाळी सुरू झाली. आई म्हणाली, "पाय पाहा ना त्याचा, कसा चालन?" मामाच म्हणाला, "चालतो मी." त्याची गाडी वडिलांनी हाकायला घेतली. आई आणि मी शेवटच्या गाडीत बसलो, आणि मामा आमच्या मागे तोंडाला फडकं बांधून चालू लागला.

बारा गाड्यांची धूळ म्हणजे काय, ते मागे बसल्याशिवाय कळत नाही. पुढचं काही दिसत नाही. मामाचा सरळ पाय प्रत्येक पावलाला बाहेरून अर्धवर्तुळ काढत यायचा. मला त्याच्याकडे बघवत नव्हतं आणि दुसरीकडे बघायला काही नव्हतं. तो मान खाली घालून चालत होता. वाटेत गठ्ठ्यांतून गळलेला कापूस दिसला की वाकायचा, उचलायचा आणि खिशात घालायचा. वाकताना त्याला एका पायावर झुकावं लागे.

दुपार कलली. काटेपूर्णा नदीचा उतार आता फार लांब नव्हता. मामा थांबला. मान तिरपी केली. पुन्हा चालला, पुन्हा थांबला.

"पाचव्या गाडीचं चाक वाजून राह्यलं," तो आमच्या गाडीवानाला म्हणाला. "डाव्या अंगाचं. धाव सुटून राह्यली." चाकावरच्या लोखंडी पट्टीला धाव म्हणतात.

"बारा गाड्यायचा आवाज होऊन राह्यला, पटवाले. तुमाले एकच कसं ऐकू आलं?"

"मले तोच आवाज ऐकू येते. सांग पुढं. उतारावर गेली तं पाण्यात बसन."

"काल रांग मोडली, आज मांगून हुकूम सोडता का?" गाडीवान हसला. तो वाईट माणूस नव्हता. पण आदल्या दिवशी मोडलेली गाडी त्याच्या भावाची होती.

मामानं हाक मारली. धुळीत ती हाक दोन गाड्यांपलीकडे गेली नाही. त्यानं पाय उचलून भराभर चालायचा प्रयत्न केला, आणि तीन पावलांत तो पडला. आई किंचाळली. मी गाडीतून उडी मारली.

थोरल्या, तुझे पाय कोणाकडून आले हे घरात कोणी विचारलं तर तुझ्या आजोबांकडून असं सांगतात. ते आयुष्यात कधी धावले नाहीत. त्या दुपारी मी धावले. परकर हातात धरून, बैलांच्या शिंगांच्या बाजूनं, अकराव्या, दहाव्या, नवव्या गाडीला मागे टाकत. वडिलांनी मला हाक मारलेली ऐकली आणि थांबले नाही. पुढच्या गाडीशी पोचले तेव्हा माझ्या तोंडातून शब्द फुटेना.

"काय वं पोट्टी?" आबाजी म्हणाला.

"पाचवी गाडी. डावं चाक. धाव सुटली."

"कोण म्हणते?"

"मामा."

आबाजीनं मागे पाहिलं. मागे धुळीशिवाय काही नव्हतं. मामाचं नाव ऐकून तो पुढे हाकत राहील असं मला वाटलं. "दिसत तं नाई त्याले काही तिथून," तो पुटपुटला, आणि कासरा ओढला.

रांग थांबली. आबाजी उतरून पाचव्या गाडीपाशी गेला, डाव्या चाकाशी थांबला आणि त्यानं टाचेनं धावेला ठोकर दिली. पट्टी दोन बोटं बाहेर सरकली. खाली, शंभर पावलांवर, नदीचं पाणी चमकत होतं. उतारावर ती निघाली असती तर गाडी पाण्यात बसली असती, आणि तिच्यावरचा कापूस नदीनं प्यायला असता, मागून येणाऱ्या बैलांचं काय झालं असतं ते वेगळंच.

पाचव्या गाडीच्या गाडीवानानं गठ्ठे उतरवले, चाक काढलं आणि दोघांनी ते नदीत नेऊन पाण्यात उभं केलं. थंडीच्या कोरड्या हवेनं लाकूड आकसतं आणि धाव ढिली होते. पाणी पिऊन लाकूड फुगतं आणि पट्टी पुन्हा घट्ट बसते. याला एक रात्र लागते. म्हणून मुक्काम नदीवरच पडला.

उन्हं होती तोवरच आबाजी मामाजवळ येऊन बसला. मी आईच्या शेजारी भांडी घासत होते.

"कसं ऐकलं?"

"चांदीनं शिकवलं," मामा म्हणाला.

आबाजीला ती हकिकत ठाऊक होती. तो हसला नाही. थोडा वेळ त्यानं तंबाखू मळला.

"मांगची गाडी उद्यापासून तू हाक. मालकाले मी सांगतो."

मामानं एकदम हो म्हटलं नाही. त्याचं तोंड उतरलं, ते मी पाहिलं. बसायचं बाराव्या गाडीवर. ज्याच्या पुढे पटात कधी कोणी राहिलं नव्हतं त्याला.

"तिथून काही दिसत नाई, आबाजी. अन् तिथं कोणी पाह्यत नाई."

"नाईच पाह्यत. म्हणून तं तिथं कोणी टिकत नाई. तीस वर्षं मी पुढं बसून हावो. मांगं काय होऊन राह्यलं ते मले कधी समजलं नाई. समजणारा भेटला नाई." तो उठला. "अन् आता पळायचं नाई हां, पटवाले. मांगून पळशीन तं मलेच येऊन धडकशीन."

मामा हसला, पण डोळ्यांनी नाही. पळण्याचं जे होतं ते काही त्या नदीत बुडालं नाही, असं मला आता वाटतं. सकाळी मी त्याला बैल जुंपताना पाहिलं, तेव्हा तो अजूनही दांडीवर हात ठेवून एकदा तोल बघत होता, छकडीचा बघावा तसा. पण तो मागच्या गाडीवर बसला. आबाजी वडिलांशी काय बोलला ते मी ऐकलं नाही. वडील सकाळी मामाच्या गाडीपाशी येऊन थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "पाण्याचा घडा मांगं ठेवजो. धुळीनं घसा कोरडा पडते." त्यांच्या तोंडून याहून जास्त कोणी अपेक्षा करत नसे.

पुढचं आधी सांगून टाकते, म्हणजे शेवट मला हवा तिथे करता येईल. मामानं मागची गाडी दोन हंगाम हाकली. मग आगगाडी अमरावतीजवळ बडनेऱ्याला आली आणि अकोल्याच्या रांगा बंद झाल्या. म्हणजे त्याचं काम पुन्हा सुटलं. या खेपेला तो ओट्यावर आठच दिवस बसला. नवव्या दिवशी गाड्या करणाऱ्या सुताराकडे गेला आणि विचारू लागला की चाकं फिरवून बघायला त्याला माणूस पाहिजे का. त्याच्या म्हातारपणी लोक दूरवरून चाक घेऊन येत, तो डोळे मिटून फिरवी आणि सांगे. पटवाला हे नाव मात्र शेवटपर्यंत राहिलं. त्यालाही ते नकोसं झालं नव्हतं. कोणी तरणा गाडीवान विचारी, "कोन्त्या पटाले?" तर म्हणे, "तो सुटला. आता चाक आण."

आता अकोल्याला परत येते. चौथ्या दिवसाचा पाचवा झाला होता. कापूस आगगाडीत चढवत होते आणि मामानं मला गाडी दाखवायला नेलं. इंजिन पाहून मी त्याचा हात घट्ट धरला. आमचे गाडीवान भोवती होतेच. त्यांच्यातला एक म्हणाला, "काय पटवाले, लावता का पट इच्यासंगं?"

"हे मांगं वळूनबी पाह्यत नाई," मामा म्हणाला. "काय मजा?"

तो इंजिनापाशी फार थांबला नाही. गाडीच्या कडेनं पाय ओढत मागे मागे चालत गेला, मी त्याच्याबरोबर. शेवटच्या डब्याच्या दारात एक माणूस उभा होता, हातात गुंडाळलेलं निशाण, आणि डब्यांच्या लांब रांगेकडे डोळे बारीक करून बघत होता. मामा त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला.

"इच्याबी मांगं माणूस असते वं," तो म्हणाला.

परत येताना मी सांगून टाकलं. तीन दिवस ते माझ्या पोटात होतं. मी म्हटलं, "मामा, त्या दिवशी मी 'अजून' म्हणून ओरडले होते. भिऊन नाही ओरडले."

"मले ऐकू आलं होतं."

"तुझी गाडी जाणार होती माझ्यापायी."

"तू नसती ओरडली तरी मी पळवलेच असते." त्यानं सरळ पाय ओढून पुढे घेतला. "पण तू ओरडली ते मले लय गोड लागलं. ते खोटं काहून सांगू?"

आत्याच्या घरी जेवायला बसलो. आत्याला मामाची रीत ठाऊक नव्हती. पण आईला ठाऊक होती, आणि वाढत आईच होती. तिनं त्याला एक भाकरी वाढली, ताक ओतलं. त्यानं ती संपवली. आईनं टोपलीतली दुसरी उचलली आणि मग, मला वाटतं, तिला पावसाळ्यातला तो दिवस आठवला. ती भाकरी हातात धरून ती तिथेच अडून राहिली, वाढावी की ठेवून द्यावी हे न कळून.

मामानं ताटावर हात आणला. आडवा धरला नाही. तो उताणा केला आणि भाकरी घेतली.

"भाजी हाये का वं, बाई?" तो म्हणाला. "नुसत्या ताकासंगं किती दिवस खाऊ?"